उन्हाळ्यातला हिना

नाना,

उन्हाळ्यात हिना लावायचा नाही, हे वाक्य तुमचंच ना? तुमचंच. मला अजून तुमचा तो हात दिसतो, सदऱ्याच्या बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले आणि बोट वर केलेलं. "बाई, वाळा उन्हाळ्यात, हिना हिवाळ्यात. उलटं केलं तर ते अत्तर नाही, शिक्षा." मग आता मला एवढंच सांगा, आखाजी, म्हणजे आपली अक्षय तृतीया, नुकतीच झालेली, जळगावचं ऊन मी म्हणत होतं, बाहेरच्या खोलीत सावद्याचे पाहुणे घाम पुसत बसले होते, तेव्हा तुम्ही मला हिनाच का आणायला सांगितलात? हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडलाच नाही. परवा पडला, आणि तोही माझा मला नाही, नातीनं पाडला. जन्मभर शाळेत पोरींना "डोकं वापरा गं जरा" म्हणत आले आणि आपल्याच घरातली गोष्ट कळायला मला ऐंशी ओलांडावी लागली. हसा तुम्ही. तुम्हाला हसायचा हक्कच आहे.

नात सुट्टीला आलीय माझ्याकडे, पिंप्राळ्याच्या घरी. आल्या आल्या तिनं पिशवीतून फवाऱ्याच्या बाटल्या काढल्या आणि माझ्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ओळीनं मांडल्या. परदेशी नावं, मला एकही धड वाचता आलं नाही. "आजी, मला सुगंधांचा संग्रह करायचाय. पण सुरुवातच चुकतेय असं वाटतं. थोड्या वेळानं सगळे वास सारखेच येतात." येतील नाही तर काय! एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरा, गळ्याला तिसरा आणि वर ओढणीवर आणखी एक. मी खिडक्या उघडल्या आणि म्हटलं, "आधी डोक्यावरून आंघोळ करून ये. मग बोलू." ती येईपर्यंत मी कपाटातून कंपासपेटी काढून ठेवली होती.

तीच कंपासपेटी, नाना. पत्र्याची, झाकणावरचा रंग आता पार गेलाय. शाळेत भूमितीसाठी तुम्ही घेऊन दिली होती. कर्कटक मोडलं, कोनमापक हरवलं, पेटी रिकामी झाली, आणि एका संध्याकाळी कापसाच्या जिनातून येताना तुम्ही खिशातून बारकीशी कुपी काढून तीत ठेवलीत. वाळ्याच्या अत्तराची. ती खुळखुळू नये म्हणून खिशातलाच कापूस तिच्याभोवती गुंडाळलात. तुमच्या खिशात कापूस नाही असा दिवस मी पाहिला नाही. जिनात आलेल्या गाड्यांतला कापूस चिमटीत धरायचा, ओढून बघायचा, त्याची प्रत सांगायची, हे तुमचं काम. आणि मनात भरलेला पुंजका खिशात टाकायचा ही तुमची खोड. धुणं काढताना आई रोज करवादायची. "तुझ्या नानांच्या खिशांतून एखादी गादी भरून होईल," म्हणायची. तुम्ही त्याच कापसाचा फाया करायचात आणि कानाच्या पाळीमागे असा काही बसवायचात की दिसायचा नाही, नुसता वास यायचा.

"ही तुझी सुरुवात," तुम्ही म्हणालात. मला वाटलं, उद्या दुसरी कुपी येईल, परवा तिसरी. कसलं काय! दिवसामागून दिवस वाळाच. मी कुरकुर केली तेव्हा तुम्ही मला बाजारातल्या अत्तरवाल्या चाचांच्या दुकानात घेऊन गेलात. तिथल्या काचेच्या कपाटात इतक्या कुप्या होत्या की माझे डोळेच फिरले. तुम्ही मला डोळे मिटायला लावलेत. चाचांनी नाकाखालून एकामागून एक काड्या फिरवल्या आणि विचारलं, "इसमें तेरा खस कौनसा, बेटी?" खस म्हणजे आपला वाळाच. मी अगदी ठसक्यात हात वर केला, आणि तो निघाला केवडा. अख्खं दुकान हसलं. "नानासाहब, अभी दूसरी शीशी मत देना," चाचा म्हणाले, आणि तुम्ही खरंच दिली नाहीत! झोपेतून उठवून हुंगवा, नाहीतर चुलीवर लसणाची फोडणी तडतडत असताना हुंगवा, "वाळा" म्हणता आलं पाहिजे, तेव्हा पुढची. असा तुमचा कायदा. मग केवडा आला, मोगरा आला, गुलाब आला. चंदनाला तुम्ही फार थांबवलंत, कारण बाकीच्या सगळ्या अत्तरांत तळाशी तेल चंदनाचंच असतं आणि आधी त्याची ओळख झाली तर पोरगी तिथंच रेंगाळते, असं काहीतरी तुमचं म्हणणं. सगळ्यांत शेवटी हिना, संक्रांतीच्या थंडीत. जड, उष्ण, अंगावर दुलई टाकावी तसा. त्याच दिवशी ते उन्हाळ्याचं वाक्य सांगितलंत.

बाकीचेही नियम मी नातीला घडाघडा सांगितले. दोन अत्तरं एका अंगावर घालायची नाहीत, भांडतात. मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत. घामावर अत्तर नाही. आणि पाहुण्यांना अत्तर लावायचं ते सगळ्यात शेवटी, आधी कधीच नाही. हा शेवटचा नियम तिला गंमतीचा वाटला. "का? आधी लावलं तर काय होतं?" म्हटलं, "पाहुणे उठून जातात." तिला पटेना, म्हणून मी तिला तुमची ती समारंभाची गोष्ट सांगितली.

आठवते का तुम्हाला? आपल्या गल्लीत लग्न असो, मुंज असो, कुणाचा सत्कार असो, अत्तरगुलाबाला तुम्हीच. दाराशी उभे राहायचात, एका हातात गुलाबदाणी, दुसऱ्या हातात अत्तरदाणी, डोक्याला जरीकाठी रुमाल. लोक पत्रिका द्यायला यायचे तेव्हाच सांगून जायचे, "नाना, अत्तरगुलाब तुमच्याकडे बरं का." आई म्हणायची, नवरदेवाइतका थाट तर यांचाच. तुमचा त्यात जीव होता, नाना, हे मला तेव्हाही कळायचं. आणि शाळेच्या बक्षीस समारंभाला ते पाहुणे बोलायला उभे राहिले ते खालीच बसेनात! पोरी पेंगायला लागल्या, बायकांच्या मांडीवरची मुलं रडायला लागली. तुम्ही गुपचूप उठलात आणि सगळ्यात मागच्या रांगेपासून अत्तर लावत सुटलात. पालथ्या हातावर अत्तर लागलं की आपला माणूस आपोआप उठतो, त्याला ऊठ म्हणावं लागत नाही. मागची रांग उठली, मग तिच्या पुढची. तुम्ही व्यासपीठावर पोचलात तेव्हा पाहुण्यांनी बोलता बोलताच हात पुढे केला, हुंगला, आणि "तर मंडळी, एवढंच" म्हणून गप्प झाले. शिवाय जाताना तुमचे आभार मानून गेले! घरी येईपर्यंत तुम्ही आणि मी रस्ताभर हसत होतो.

नात हसून हसून लोळली. आणि मग मी तिला, कशी कोण जाणे, सावद्याच्या पाहुण्यांची गोष्ट सांगायला घेतली. ती मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगायची म्हणजे आधी अक्काला आणावं लागतं.

अक्का म्हणजे तुमची थोरली बहीण. तुमची आई तुम्ही अगदी लहान असताना गेली आणि अक्कानं तुम्हाला कडेवर घेऊन वाढवलं, म्हणून तिचा शब्द आपल्या घरात खाली पडायचा नाही. ती रावेरकडे दिलेली. दर आखाजीला माहेरवाशीण म्हणून यायची, बरोबर केळीचा घड. त्या वर्षी घडासोबत माझं स्थळही घेऊन आली. सावद्याचं घर, केळीच्या बागा, एकुलता एक मुलगा. मुलगा वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. पण मी सातवीची फायनल पास झाले होते, धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून बोलावणं आलं होतं, पावसाळ्याच्या तोंडाला जायचं होतं. मला मास्तरीण व्हायचं होतं हो, दुसरं काही सुचत नव्हतं मला. अक्कापुढे नुसता विषय काढला तर म्हणाली, "धुय्याले जाऊन काय दिवे लावशीन व माय? आधी लगन कर, मंग नवरा म्हनीन तं शिकजो." मी दोन घास टाकून उठले. आई म्हणाली, नानांना सांग. तुमच्यापाशी आले, तर तुम्ही खिडकीत बसून कुप्या पुसत होतात. "अक्काला मी नाही म्हणू शकत नाही, बाई," एवढंच बोललात आणि मान वर केली नाहीत. मला त्या क्षणी तुमचा असा राग आला की वाटलं, ती कंपासपेटी उचलावी आणि विहिरीत टाकून द्यावी.

आता ती दुपार. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्यात, त्यांच्यावर पाणी मारून मारून आईचे हात भरून आलेत. बैठकीवर मुलाचे आजोबा बसलेत, सगळे त्यांना थोरले आबा म्हणतायत. पांढरा फेटा, मोठ्या मिशा, रीतीभातीला कडक. शेजारी मुलाचे वडील, आणि कोपऱ्यात तो मुलगा, उंबऱ्याबाहेरच्या आपल्या चपलांकडे बघत. मी हिरवं लुगडं सावरत पाटावर बसलेय. आबा मला विचारतात, सैपाक येतो का, दळन येतं का, आणि मी हो हो करतेय. "फायनल झाली? चांगलं झालं. आता बस झालं. आमच्या घरच्या सुना कामाले बाहीर जात नाही." तेवढ्यात तुम्ही हळूच म्हणता, "आबा, एवढं ट्रेनिंग होऊ दिलं तर? मग करू लग्न." आबा हसतात, रागानं नाही, लहान मूल काही बोललं की हसतात तसे. "तवर कोन थांबते नाना? पुढच्या महिन्यात बार उडवून टाकू." अक्का म्हणते, "तसंच करा, आबा." आणि आबा मांडीवर थाप मारतात, "मंग करा तोंड गोड!"

स्वयंपाकघरात सांजोऱ्यांचं ताट भरून तयार होतं. तोंड गोड झालं की ठरलं. मग ते मोडायची कुणाची छाती नसते, न आपली न त्यांची. मी ताट आणायला उठले. दाराशी पोचले आणि मागून तुमचा आवाज आला.

"बाई, आधी अत्तर आण."

अक्का दचकलीच. "आत्ताच कुठी अत्तर रे, भाऊ? सांजोऱ्या येऊ दे आधी."

"आणू दे, आणू दे. आबा लांबून आलेत. बाई, हिना आण." आणि तुम्ही उठून माझ्यामागे दारापर्यंत आलात, कपाटाची किल्ली माझ्या हातात दिलीत आणि माझ्याकडे न बघता पुटपुटलात, "हात सैल सोड. कंजुषी नको."

मला त्या वेळी ना ऋतू सुचला ना नियम. सांजोऱ्या जरा लांबल्या, तेवढाच जीव भांड्यात पडला. अख्खी कुपी अत्तरदाणीत उपडी केली आणि बाहेर आले. आबा मुलाच्या वडिलांशी केळीच्या भावाचं काहीतरी बोलत होते, त्यांनी बोलता बोलताच पालथा हात पुढे केला. अत्तराला कोण नाही म्हणतो? मी लावलं. मुलाच्या वडिलांना लावलं. मुलाला लावलं. ओल्या ताट्यांनी कोंडलेल्या त्या खोलीत हिना असा चढला की माझंच कपाळ ठणकायला लागलं. आबांनी हात नाकाशी नेला आणि त्यांचं बोलणं तिथंच थांबलं. हात खाली घेतला, तुमच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथून ताट आलं नव्हतं.

"अस्सं," आबा म्हणाले. "म्हंजे आमी निंघावं."

"छे छे! अहो आबा, चुकलं माझं. गडबडीत सुचलं नाही. बसा ना, सांजोऱ्या येतायत." तुम्ही हात जोडलेत, दहादा म्हणालात. पण नाना, तुम्ही जागचे उठला नाहीत. हे मला परवा आठवलं. दारात आडवं व्हायचं, फेटा धरायचा, पाय धरायचे, असं काही केलं नाहीत. बसल्या जागी हात जोडून बसलात.

"आता काय बसनं? अत्तर लागलं," आबांनी फेटा सारखा केला आणि उठले. त्यांच्यामागे बाकीचे उठले. तो मुलगा उंबऱ्यावर चपला घालताना हात हुंगत होता आणि मला वाटतं त्याच्याही चेहऱ्यावर जरा बरंच वाटल्यासारखं दिसलं. गाडीला पुष्कळ अवकाश होता, तरी त्या उन्हातून ते स्टेशनावर जाऊन बसले.

अक्कानं घर डोक्यावर घेतलं. "साऱ्या गल्लीले रीत शिकवतो आन् घरच्या कार्यात भुलला! तुही बुद्धी चळली रे, भाऊ!" तुम्ही खालमानेनं ऐकत होतात. "चुकलं, अक्का. वय झालं आता माझं." वय झालं म्हणे! कानशिलावरचे केस तेवढे कुठं पिकायला लागले होते. मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून बसले होते, आईला वाटलं रडतेय. मी सुटले होते, नाना! सुटले, सुटले, एवढंच डोक्यात घुमत होतं. आईनं माझ्या हातावर एक सांजोरी ठेवली आणि म्हणाली, "खा, तळलेल्या आहेत तर." त्या सांजोऱ्या आपण मग किती दिवस खाल्ल्या.

पण पुढची गोष्ट मला खात राहिली. ही फजिती गल्लीभर झाली. काही दिवसांनी समोरच्यांकडे लग्न होतं. तुम्ही रुमाल बांधून निघालात, तर मुलीचे वडील म्हणाले, "राहू द्या नाना, तुम्ही आपले आरामात बसा. बघतील दुसरं कुणी." बोलले अगदी प्रेमानं. तुम्ही मंडळींत जाऊन बसलात. शेवटी दुसराच कोणी अत्तरदाणी घेऊन तुमच्यासमोर आला आणि तुम्ही पालथा हात पुढे केलात, सगळ्यांसारखा. मी बायकांच्या बाजूनं बघत होते. त्यानंतर कुणीच तुम्हाला बोलावलं नाही. तुमची एक चूक झाली, त्या चुकीत माझं भलं झालं आणि तुमचं तेवढं एक सुख गेलं. आनंद मानावा तर तुमचा तो पुढे केलेला हात दिसायचा. पुढे शाळेत पहिल्यांदा "बाई" म्हणून हाक आली तेव्हाही मनात आलं, हे सगळं नानांच्या विसरभोळेपणावर उभं आहे. ही बोच माझ्या पोटात राहिली ती राहिलीच.

एरंडोल, पारोळा करत एसटीनं मला तुम्ही धुळ्याला सोडायला आलात. वसतिगृहाच्या खाटेवर बसून कंपासपेटी उघडलीत, एकेका कुपीचं टोपण दाबून बघितलंत, कापूस नवा घातलात. हिनाची जागा रिकामी होती. मी बोट दाखवलं तर म्हणालात, "तो त्या दिवशीच संपला. काम झालं त्याचं." मी मान डोलावली. मान डोलावण्याइतकी अक्कल होती मला, पुढची नव्हती! तुम्ही गेल्यावर मी खूप रडले आणि मग कानामागे वाळ्याचा फाया ठेवला. खोल्या झाडणारी मावशी केरसुणी टाकून उभी राहिली, "काय लायेल शे वं पोरी आंगले? बठ्ठी खोली घमघमी ऱ्हायनी!" तिलाही थोडं लावून दिलं. मग रोज माझी खोली आधी झाडली जायची.

नरडाण्याच्या शाळेत लागले. पहिल्या पगारातून तुमच्यासाठी काय घ्यावं, हा प्रश्नच नव्हता. थंडी होती, हिना घेतला. जळगावला आले, तुम्हाला म्हटलं, डोळे मिटा. तुमच्याच कायद्यानं. तुम्ही हुंगलात, "हिना," म्हणालात, आणि हसायला लागलात. असे हसलात, असे हसलात, की ठसका लागला, आई पाणी घेऊन धावली. "झालं काय नाना?" तर डोळे पुसत म्हणता, "काही नाही बाई, सावद्याचे आबा आठवले." मला तर रडूच आलं. म्हटलं, हा माणूस आपल्या फजितीवर हसतोय बिचारा. बिचारा! हात् तुमची!

आणि माझं लग्न ठरलं तेव्हा अक्का? मुलगा धुळ्याचा, माझ्यासारखाच मास्तर, माझ्या नोकरीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. बैठकीला अक्का आली ती सरळ कपाटाकडे गेली, अत्तरदाणी काढली आणि पदराखाली घेऊन बसली. "या खेपेले वेळ मी सांगीन," म्हणाली. बोलणं झालं, पेढे झाले, पान झालं, पाहुण्यांनी ढेकर दिली, तोवर तिनं ती सोडली नाही. मग स्वतः उठून तुमच्या हातात दिली. "दे रे भाऊ आता." उन्हाळा होता, अत्तरदाणीत वाळा होता. तुम्ही रुमाल बांधलात आणि एकेकापुढे वाकून अत्तर लावलंत, किती दिवसांनी. अक्का तोंड फिरवून हसत होती. तिला ठाऊक होतं का हो? केव्हापासून?

एवढं सगळं मी नातीला सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "माणूस चुकतो गं. माझे नाना त्या दिवशी चुकले." ती उशीवर कोपर टेकून पडली होती. म्हणाली, "पण आजी, त्या भाषणवाल्याला अत्तर लावून त्यांनीच उठवलं ना? मग त्यांना माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "गडबडीत..." तर म्हणते, "आणि हिना? तूच आत्ता म्हणालीस, उन्हाळ्यात ते हिना लावू द्यायचे नाहीत. एकाच दुपारी दोन चुका? आणि दोन्ही तुझ्या फायद्याच्या?"

नाना, माझ्या हातात गुलाबाची कुपी होती, पुसत होते. फडकं तसंच राहिलं.

अक्काला नाही म्हणायचं नाही, हे तुम्ही मला सांगितलंच होतं. आणि तुम्ही म्हणाला नाहीतच! शब्दानं नाही म्हटलं नाही, पाहुण्यांना वाकडं बोलला नाहीत, माझ्यावर बोल येऊ दिला नाहीत. सगळ्यांदेखत स्वतःला विसरभोळा ठरवलंत. ज्या एका गोष्टीत गल्ली तुम्हाला मानायची तीच पुढे केलीत, कारण त्या बैठकीत तुमच्या हातात दुसरं होतं काय? मी तेव्हापासून समजत होते की माझं नशीब तुमच्या चुकीवर उभं आहे. अहो, तुम्ही चुकला नव्हतात. तुमची बुद्धी चळली नव्हती. तुम्ही मला धुळ्याला पाठवलंत, पुऱ्या शुद्धीत, ऐन उन्हाळ्यात, अख्खी कुपी ओतून. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! परवा रात्री मी अशी गाढ झोपले की सकाळी नातीनं येऊन कपाळाला हात लावून पाहिला.

राग एवढाच, की एका शब्दानं सांगायचंत. मग वाटतं, बरं केलंत. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. अक्कानं दोन वेळा खोदून विचारलं असतं तर मी सगळं ओकले असते, आणि अक्काचं मन मोडलं असतं. आणि नाना, त्या समोरच्यांच्या लग्नात पालथा हात पुढे करताना तुम्ही मनातल्या मनात हसत होतात का? मी आता असंच धरून चालणार आहे. मला तो हात आता तसाच दिसतो.

नातीला मी वाळ्याची कुपी दिली. बाकीच्या बाटल्या तिनं आपण होऊन पिशवीत भरल्या. ओळखता येईपर्यंत दुसरी मिळणार नाही, असं बजावलंय. काल स्वयंपाकघरात डोळे मिटून उभी होती आणि भाजलेल्या मिरच्यांतून वाळा ओळखला तिनं. तुम्ही असतात तर केवडा दिला असतात. मी आणखी थोडं थांबवणार आहे.

हे पत्र घडी करून कंपासपेटीत ठेवावं म्हटलं होतं, पण कागद अत्तर पितो, कुप्यांतला वास मरेल. राहू दे असंच टेबलावर. आणि एक सांगायचं राहिलं. आज दुपारी, नात झोपलेली असताना, मी तुमचा नियम मोडला. बाहेर वैशाख पेटलाय आणि मी पालथ्या हाताला हिना लावलाय, हात सैल सोडून. कपाळ ठणकतंय, तुम्ही म्हणायचात ती शिक्षाच. अत्तर लागलं की उठायचं असतं, हे तुमच्या लेकीला पक्कं माहीत आहे. पण खरं सांगू का, नाना, उठवत नाहीये. बसते अजून थोडी.